शिणवट्याचा हिशेब

विद्यापीठाचं म्हणणं साधं होतं. प्रबंध चांगला आहे, मान्यही आहे. पण डॉक्टरेट हवी असेल तर उमेदवाराने एक वर्ष विद्यापीठात हजर राहून शिकलं पाहिजे, तसा नियम आहे. उमेदवाराचं नाव लिलियन गिलब्रेथ. वय चौतिशीच्या आसपास. कॅलिफोर्निया विद्यापीठ अमेरिकेच्या पश्चिम टोकाला आणि हिचा संसार पूर्व टोकाला; मधे आगगाडीचा काही दिवसांचा प्रवास. घरात पाठोपाठची लहान मुलं, म्हाताऱ्या सासूबाई आणि नवऱ्याच्या धंद्याचा निम्मा भार हिच्या अंगावर. वर्षभर जाऊन राहायचं कसं? आपली परिस्थिती पाहून नियमाला अपवाद करतील अशी तिची समजूत होती. तो झाला नाही. हे १९१२ च्या सुमाराचं.

नोकरी आणि घर सांभाळून ज्यांनी कधी पुस्तक उघडलं आहे, त्यांच्या पोटात हे वाचताना कालवाकालव होईल. आम्ही बँकेतली माणसं सीएआयआयबीच्या परीक्षांना बसायचो ती अशीच. दिवसभर लेजरमध्ये डोकं घालायचं, संध्याकाळी बॅलन्स टॅली झाला की लोकल पकडायची, आणि पोरं झोपली की स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बँकिंग कायदा वाचायचा. वाचता वाचता ओट्यावर दूध उतू जायचं ते वेगळंच. पण ती परीक्षा होती, दोन-चार वर्षांत निपटणारी. डॉक्टरेटची गोष्ट निराळी. आता भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने अर्धवेळ पीएच.डी.ला रीतसर जागा दिली आहे. नोकरी देणाऱ्याकडून ना हरकत प्रमाणपत्र आणायचं, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल असं त्यात लिहून घ्यायचं, की वाट मोकळी. (साहेबाची सही मिळवणं हाच अर्धा प्रबंध, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.)

कामाच्या जागी माणसाच्या मनाचं आणि शरीराचं काय होतं, याचा अभ्यास करणारी एक स्वतंत्र ज्ञानशाखाही आता आहे. व्यावसायिक आरोग्याचं मानसशास्त्र हे तिचं लांबलचक नाव. हे नाव १९९० च्या आसपास रूढ झालं, १९९६ मध्ये या विषयाला वाहिलेलं एक नियतकालिक अमेरिकेत सुरू झालं, आणि नोकरी करता करता या विषयात डॉक्टरेट करणारे लोक आता जगभर आहेत. परंतु या शाखेचं बारसं होण्याच्या पाऊणशे वर्षं आधी एका बाईने हाच अभ्यास, आणि तोही असाच मिळेल तेवढ्या वेळात, करून ठेवला होता. ती ही लिलियन गिलब्रेथ. आपल्याकडे ती कुणाला ठाऊक असलीच तर बारा मुलांची आई म्हणून.

लिलियनचा जन्म २४ मे १८७८ चा, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ओकलंड गावचा. माहेरचं आडनाव मोलर. घराणं मूळचं जर्मन, व्यापारी, खाऊनपिऊन सुखी. नऊ भावंडांत ही थोरली. प्रकृतीने नाजूक आणि इतकी बुजरी की नऊ वर्षांची होईपर्यंत आईने तिला घरीच शिकवलं. आईची सततची बाळंतपणं आणि आजारपणं, त्यामुळे धाकट्यांना सांभाळण्याचं काम हिच्याकडे. मुलींनी कॉलेजात जावं हे वडिलांना पसंत नव्हतं. मुलींना अर्थार्जन करायचं नाही तर शिक्षणाची गरज काय, हा त्या काळचा सरळ हिशेब. अखेर एक वर्ष जाऊन बघ, एवढ्या बोलीवर परवानगी मिळाली. ट्रामने रोज बर्कलीला जायचं, परत येऊन घरचं करायचं. एका वर्षाची चार झाली. १९०० साली तिने साहित्याची पदवी घेतली आणि पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण केलं. त्या विद्यापीठात हा मान मिळालेली ती पहिली मुलगी. बुजऱ्या मुलीत ही हिंमत कुठून आली असेल? मला वाटतं, मोठ्या घरातल्या थोरल्या मुलींना चारचौघांत आवाज चढवायची सवय आपसूक लागते.

एम.ए.साठी ती न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेली, तिथे साहित्याच्या ज्या प्राध्यापकाकडे शिकायचं मनात होतं तो आपल्या वर्गात बायकांना बसू देत नसे. मग तिने मानसशास्त्राचे एडवर्ड थॉर्नडाइक यांचे वर्ग केले. पुढे आजारी पडून घरी परतली आणि १९०२ मध्ये बर्कलीहूनच इंग्रजी साहित्यात एम.ए. झाली. नाटककार बेन जॉन्सनच्या एका नाटकावर तिने प्रबंधिका लिहिली होती. पुढे डॉक्टरेटही साहित्यातच करायची, मग कुठेतरी शिकवायचं, असा बेत. १९०३ मध्ये ती मैत्रिणींबरोबर युरोपच्या सफरीला निघाली. वाटेत बोस्टनला मुक्काम पडला, आणि सोबत आलेल्या प्रौढ बाईंनी आपल्या एका नातलगाशी तिची गाठ घालून दिली. त्याचं नाव फ्रँक गिलब्रेथ.

फ्रँक हा माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण त्याला इथे थोडी जागा द्यावीच लागेल. लिलियनपेक्षा दहा वर्षांनी मोठा, अंगाने आडवा, आवाजाने मोठा. इंजिनिअरिंग कॉलेजात जायची बुद्धी होती, पण सतराव्या वर्षी तो गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी करायला गेला. पहिल्या काही दिवसांतच त्याच्या लक्षात एक गंमत आली. शिकवणारा गवंडी त्याला विटा रचायची एक पद्धत दाखवी. स्वतः काम करताना दुसरीच वापरी. आणि घाई असली की तिसरी. मग यातली बरोबर कोणती? फ्रँकने एकेक हालचाल मोजायला सुरुवात केली. एक वीट बसवायला गवंडी अठरा हालचाली करत. त्यातल्या कितीतरी फुकटच्या. वीट उचलायला प्रत्येक वेळी कमरेतून वाकायचं म्हणजे विटेबरोबर स्वतःचा मणभर देहही उचलायचा! फ्रँकने विटा आणि गारा कमरेच्या उंचीवर राहतील, भिंत वाढेल तशी वर चढवता येईल अशी परांची बनवली, विटा आधीच नीट मांडून ठेवायची व्यवस्था केली, आणि अठराच्या पाच हालचाली केल्या. तासाला एकशेवीस विटा रचणारा माणूस साडेतीनशे रचू लागला. फ्रँक पुढे बोस्टनमधला नावाजलेला बांधकाम कंत्राटदार झाला.

१९ ऑक्टोबर १९०४ ला दोघांचं लग्न झालं. फ्रँकला बायको हवी होती तशी धंद्यात भागीदारही हवी होती. साहित्यात डॉक्टरेट करून काय करणार, त्यापेक्षा मानसशास्त्र घे, ते आपल्या दोघांच्या उपयोगी पडेल, असं त्याने सुचवलं आणि तिने ऐकलं. आजची एखादी मुलगी यावर भुवया उंचावेल. नवऱ्याने विषय बदलायला लावला म्हणजे काय? माझ्याही भुवया उंचावल्या होत्या. पण पुढचं आयुष्य पाहिलं की वाटतं, विषय नवऱ्याने सुचवला असेल, त्यातला प्रश्न मात्र तिचा स्वतःचा होता. फ्रँक विटेकडे आणि हाताकडे पाहत होता. ती तो हात ज्याचा आहे त्या माणसाकडे पाहू लागली.

हे नीट समजायला त्या काळाचं वारं समजून घेतलं पाहिजे. अमेरिकेत तेव्हा फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा बोलबाला होता. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं, कामाचा वेळ मोजायचा, आणि त्यावरून रोजचं काम ठरवून द्यायचं. मालकांना ही पद्धत पसंत, कामगारांना तिचा तिटकारा. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातल्या कामगारांनी या स्टॉपवॉचविरुद्ध संप केला, प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीपर्यंत गेलं. मागे कुणी घड्याळ घेऊन उभं राहिलं की काय होतं, हे काउंटरवर बसलेल्या कोणालाही विचारा. रोज बिनचूक मोजल्या जाणाऱ्या नोटा त्या दिवशी दोनदा चुकतात. गिलब्रेथ पतिपत्नी सुरुवातीला टेलर यांच्याच गोटातली. पण लिलियनला या पद्धतीत एक मोठी गैरहजेरी दिसली. सगळी मोजमापं होती, त्यात माणूस नव्हता. त्याला काम शिकवलं कसं, त्याचं मत विचारलं का, त्याला दमणूक कशाने येते, त्याला आपलं काम आपलं वाटतं का, हे कुणी मोजतच नव्हतं.

हाच तिच्या पहिल्या प्रबंधाचा विषय: व्यवस्थापनाचं मानसशास्त्र. त्यातलं विवेचन सुरू होतं व्यक्तिवैशिष्ट्यापासून आणि संपतं कामगाराच्या कल्याणापाशी. हीच ती सुरुवातीची कथा. विद्यापीठाने प्रबंध मानला आणि पदवी अडवली. गिलब्रेथ दांपत्य हातावर हात धरून बसणारं नव्हतं. प्रबंध एका औद्योगिक मासिकात क्रमशः छापून आला आणि १९१४ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. प्रकाशकाची एक अट होती. लेखिका बाई आहे हे कळता कामा नये. म्हणून मुखपृष्ठावर नाव आलं एल. एम. गिलब्रेथ. कारखान्याच्या मालकाने बाईचं पुस्तक विकत घेतलं नसतं, हा प्रकाशकाचा अंदाज बहुधा बरोबरच होता, आणि त्याचंच वाईट वाटतं. याआधी फ्रँकच्या नावावर निघालेल्या पुस्तकांतही तिचा हात मोठा होता. तिथे तर आद्याक्षरंसुद्धा नव्हती.

ज्या काळात हे चाललं होतं, त्याच काळात, १९१२ च्या जानेवारीत, तिची दुसरी मुलगी मेरी घटसर्पाने गेली. वय अवघं पाच. त्या वेळी घटसर्पावरची लस मुलांना सर्रास दिली जात नव्हती. मेरीच्या जाण्याबद्दल लिलियन पुढे आयुष्यभर फारसं बोलली नाही. बारा मुलांच्या गमतीजमतींचं इतकं कौतुक जगाने केलं, पण ती बारा मुलं एकाच वेळी एका छताखाली कधीच नव्हती, कारण धाकटी सहा-सात जन्मण्याआधीच मेरी गेली होती. हा तपशील मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते.

त्याच वर्षी कुटुंब ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावी राहायला गेलं. तिथल्या न्यू इंग्लंड बट कंपनीत फ्रँकला मोठं काम मिळालं होतं. शूजच्या नाड्या वगैरे गुंफणारी यंत्रं तिथे बनत. फ्रँकने कारखान्यात सिनेमाचा कॅमेरा आणला, कामगारासमोर मिनिटाचा हजारावा भाग दाखवणारं घड्याळ ठेवलं आणि कामाचं चित्रीकरण सुरू केलं. हाताच्या बोटांना छोटे दिवे बांधून हालचालींच्या प्रकाशरेषाही तो छायाचित्रांत पकडी. आणि याच गावात ब्राउन विद्यापीठ होतं, घरापासून जाण्यायेण्याच्या अंतरावर. लिलियनने पुन्हा नाव घातलं. जुना प्रबंध चालवून घ्या, अशी विनवणी करत बसली नाही. नवा विषय घेतला: शिक्षकांच्या कामात वेळ आणि शक्ती कशी वाया जाते आणि ती कशी वाचवता येईल. पुन्हा वर्ग, पुन्हा परीक्षा, पुन्हा लेखन. दरम्यान दोन मुलं जन्मली. फ्रँक कामासाठी महिनोन् महिने जर्मनीत. इकडे कारखान्यातलं काम, कचेरीचा पत्रव्यवहार आणि घर तिच्यावर. उन्हाळ्यात प्राध्यापकांसाठी ही दोघं घरच्या घरी विनामूल्य प्रशिक्षणवर्गही चालवीत. १९१५ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. औद्योगिक मानसशास्त्राच्या पहिल्या काही डॉक्टरेटमध्ये तिची गणना होते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आपल्या घरातल्या सुना-मुलींना उगाच न्यूनगंड यायचा. बाईंच्या घरी मदतीला माणसं होती. सासूबाई १९२० पर्यंत होत्या आणि घराचा कारभार त्यांच्या हाती होता. स्वयंपाकाला बाई, वरकामाला गडी. बाळंतपणाच्या काळात सक्तीने अंथरुणावर पडावं लागे, तेव्हा त्या लेखन करत. म्हणजे एकटीने सगळं केलं ही दंतकथा. खरं ते असं की घरातल्या प्रत्येकाने, अगदी लहान मुलांनीही, आपापला वाटा उचलला आणि त्यातून जो वेळ निघाला तो बाईंनी इकडेतिकडे सांडू दिला नाही.

आता त्यांच्या अभ्यासाचा गाभा. १९१६ मध्ये दोघांच्या नावे थकव्यावरचं पुस्तक आलं. काम टाळणारा माणूस आळशी असतो, हा मालकवर्गाचा जुना समज. गिलब्रेथांचं निरीक्षण वेगळं होतं. थकवा दोन प्रकारचा असतो. एक कामाचाच अटळ भाग आहे, त्यावर विश्रांती हाच उपाय. दुसरा निव्वळ गैरसोयीतून येतो: चुकीच्या उंचीचं टेबल, पाठ न टेकणारी खुर्ची, डोळ्यांवर येणारा उजेड, हातापासून लांब ठेवलेलं सामान, दिवसभर विनाकारण उभं राहणं. हा दुसरा थकवा म्हणजे मालकाचंही नुकसान आणि कामगाराचंही, आणि तो टाळता येतो. रुमालांच्या घड्या घालणाऱ्या मुलींच्या कामात त्यांनी काही मिनिटं काम, मग थोडी विश्रांती, कधी बसून तर कधी उभ्याने, अशी आखणी करून दिली. मुली कमी दमू लागल्या आणि घड्या अधिक होऊ लागल्या. प्रॉव्हिडन्समध्ये त्यांनी एक छोटं संग्रहालयच उभारलं. त्यात काय असावं? खुर्च्या! निरनिराळ्या कारखान्यांतून थकवा कमी करण्यासाठी कुणी कुणी स्वस्तात केलेल्या युक्त्या: खालून ठोकळे लावून उंच केलेल्या खुर्च्या, पाय ठेवायच्या फळ्या, हाताला टेकण. राजेरजवाड्यांची सिंहासनं जपणारी संग्रहालयं आपण पाहतो. कामगाराच्या बसण्याची अशी कदर करणारं दुसरं संग्रहालय माझ्या तरी वाचनात नाही.

पुढे कोणत्याही हातकामाचं पृथक्करण त्यांनी सतरा-अठरा मूळ घटकांत केलं: शोधणं, निवडणं, पकडणं, वाहून नेणं, सोडणं वगैरे. आपलंच आडनाव जवळजवळ उलटं करून या घटकांना त्यांनी थर्ब्लिग असं नाव दिलं. वर्क स्टडीच्या शिक्षणात हे अजून भेटतं. पवईला १९६३ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ पासून आयआयएम मुंबई झालेल्या नीटी संस्थेतून बाहेर पडलेल्या कोणा इंजिनिअरला विचारून पाहा. त्या यादीत मला सर्वांत भावलेला घटक आहे तो थकवा घालवण्यासाठी घेतलेली विश्रांती. ती कामाबाहेरची गोष्ट नाही. कामाच्याच घटकांत तिची नोंद आहे. आमच्या जमाखर्चाच्या भाषेत सांगायचं तर विश्रांती ही उधारी नव्हे, ती रीतसर खात्यावर टाकायची.

अर्थात दुसरी बाजूही आहे. थकवा वाचला, वेळ वाचला; त्या वाचलेल्या वेळाचं काय करायचं हे ठरवणार कोण? बाईंच्या मते तो कामगाराच्या सुखाला लागावा. प्रत्यक्षात अनेक मालकांनी तो वेळ जादा उत्पादनाला जुंपला. साडेतीनशे विटा रचणाऱ्या गवंड्याची मजुरी काही तिप्पट झाली नाही. कामगार संघटनांचा या सगळ्या शास्त्रावरचा संशय अनाठायी नव्हता, आणि बाईंनी मालक व कामगार यांचं हित एकच असतं असं जे धरून चाललं, ते मला त्यांच्या विचारातलं कच्चं ठिकाण वाटतं. मात्र प्रश्न माणसाच्या बाजूने विचारायचा, ही रीत त्यांनी पाडली. आज कामाच्या ताणावर संशोधन करणारे लोक कामावर आपला ताबा किती, पाठबळ किती, हे तपासतात, तेव्हा ते याच रस्त्याने चाललेले असतात.

पहिल्या महायुद्धात फ्रँक सैन्यात गेला, आजारी पडला आणि हृदय कमकुवत करून परतला. युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना पुन्हा कामावर कसं उभं करता येईल यावर दोघांनी काम केलं. १९२० मध्ये त्याचंही पुस्तक झालं. कुटुंब न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला आलं. १४ जून १९२४ ला फ्रँक स्टेशनवरच्या टेलिफोनवरून घरी बोलत होता. बोलता बोलता कोसळला तो उठलाच नाही. वय पंचावन्न. मागे अकरा मुलं. थोरली अठरा वर्षांची, धाकटी जेमतेम दोन.

फ्रँकने लंडन आणि प्रागच्या परिषदांना जायचं ठरवलं होतं. अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत बाई त्याच्या जागी बोटीने निघाल्या, निबंध वाचून, सभा सांभाळून परत आल्या. हे वाचून कुणाला त्या कठोर वाटतील. आपल्याकडे तेराव्याच्या आत उंबरा ओलांडला तर काय काय ऐकावं लागतं ते आपण जाणतो. पण बाईंना पुढची वीस वर्षं दिसत होती. अकरा मुलांची शिक्षणं व्हायची होती, आणि धंदा चालू आहे हे जगाला दाखवायचं होतं. जगाला ते तितकंसं पटलं नाहीच. वीस वर्षं जिने निम्मं काम केलं, जिच्याकडे डॉक्टरेट होती (फ्रँककडे साधी पदवीही नव्हती), तिला एकटी पाहताच बहुतेक कारखानदारांनी करार पुढे चालू ठेवले नाहीत. बाई कारखान्यात जाऊन पुरुषांना काय शिकवणार?

मग त्यांनी वळसा घेतला. कारखान्याचं दार बंद झालं तर जिथे बायका काम करतात तिथे जाऊ. घरातच हालचालींच्या अभ्यासाचे वर्ग काढले. न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रचंड दुकानात रोकड आणि विक्री सांभाळणाऱ्या मुलींचं काम अभ्यासलं, स्वतः काउंटरमागे उभ्या राहिल्या. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीसाठी १९२६ च्या सुमारास त्यांनी मासिक पाळीच्या घड्यांबद्दल हजाराहून अधिक स्त्रियांची मतं गोळा केली. ज्या विषयावर बायका आपसांतही कुजबुजत बोलत, त्यावर बाईंनी तक्ते मांडले. जनरल इलेक्ट्रिकसाठी चार हजारांहून अधिक गृहिणींना विचारून शेगडी, मोरी, ओटा यांची सोयीची उंची ठरवली. पायाने दाबून उघडायची कचऱ्याची बादली आणि फ्रिजच्या दाराच्या आतले कप्पे यांचं श्रेय त्यांना दिलं जातं. आपल्याकडे ओट्याची उंची कित्येक वर्षं गवंडी ठरवत आला, जो त्या ओट्यावर आयुष्यात कधी पोळी लाटणार नसतो. माझ्या एका बुटक्या मावशीने उभी हयात पाटावर उभं राहून स्वयंपाक केला. न्यूयॉर्कमधल्या एका नमुना स्वयंपाकघरात स्ट्रॉबेरीचा केक करायला आधी २८१ पावलं चालावं लागे, बाईंनी मांडणी बदलल्यावर ४५ पुरली.

आणि यातली गंमत अशी की बाईंना स्वतःला स्वयंपाक येत नव्हता! म्हणजे चहा-टोस्टच्या पलीकडे फार काही नाही. त्यांच्या घरचं स्वयंपाकघर जुन्या वळणाचं, तिथे नोकरांचं राज्य. हे बिंग त्यांच्या मुलांनीच नंतर हसत हसत फोडलं. यात मला ढोंग दिसत नाही. विटा न रचणारा माणूस विटांचा अभ्यास करू शकतो तर हे का नाही? उलट, स्वयंपाकात ज्यांना उपजत गोडी होती त्यांना त्यातला शीण दिसलाच नव्हता.

पुढचं भराभर सांगते, कारण मानसन्मानांच्या याद्या वाचायला कंटाळवाण्या असतात. १९३० मध्ये मंदीच्या काळात अध्यक्ष हूवर यांच्या रोजगार समितीवर त्यांनी काम केलं. १९३५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने त्यांना इंजिनिअरिंग विभागात प्राध्यापक नेमलं. त्या शाळेतल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. १९४८ मध्ये तिथून निवृत्त झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीत १९६५ मध्ये निवडल्या गेलेल्या पहिल्या स्त्री त्याच, आणि १९६६ चं हूवर पदक मिळवणाऱ्याही पहिल्या. अकराही मुलं कॉलेज शिकली. नव्वदीला टेकेपर्यंत बाई प्रवास आणि व्याख्यानं करत होत्या. २ जानेवारी १९७२ ला त्या गेल्या, त्र्याण्णवाव्या वर्षी. १९८४ मध्ये त्यांच्या चेहऱ्याचं टपाल तिकीट निघालं.

तरीही सर्वसामान्य वाचकाला त्या ठाऊक झाल्या त्या १९४८ मध्ये दोन मुलांनी लिहिलेल्या घरगुती आठवणींच्या पुस्तकामुळे. पुस्तक तुफान खपलं, १९५० मध्ये त्यावर सिनेमा आला. त्यात मुख्य पात्र फ्रँक: शिट्टी मारून मुलांना रांगेत उभं करणारा, अंघोळीच्या वेळात भाषेच्या तबकड्या ऐकायला लावणारा विनोदी बाप. आई शांत, हसरी, मागे मागे. प्रबंध नाहीत, ब्राउन विद्यापीठ नाही, करार मोडणारे कारखानदार नाहीत. बाईंनी त्यावर तक्रार केल्याचं कुठे दिसत नाही. एल. एम. ही आद्याक्षरं ज्यांनी मुकाट्याने मान्य केली, त्या आपल्याच मुलांच्या लाडक्या पुस्तकावर काय तक्रार करणार?

त्या पुस्तकाची धूम चालू होती त्याच सुमारास सत्तरीच्या बाई एका वेगळ्याच कामात होत्या. हृदयविकार झालेल्या बायकांना डॉक्टर विश्रांती घ्या म्हणून सांगत, आणि त्या घरी जाऊन पुन्हा चुलीपुढे उभ्या राहत. नाहीतर घरच्यांच्या जेवणाचं काय? बाईंनी न्यूयॉर्कच्या हृदयविकार संघटनेसाठी अशा रुग्ण गृहिणींचं स्वयंपाकघर आखून दिलं. रोजची भांडी वाकावं लागणार नाही की टाचा उंचवाव्या लागणार नाहीत अशा जागी, जड वस्तू उचलायच्याऐवजी सरकवता येतील अशी मांडणी, आणि ओटा इतक्या उंचीचा की भाजी चिरायला, पीठ मळायला आरामात बसता यावं. त्या ओट्यापुढे एक खुर्ची होती.